येड्याचा पाचवा शब्द

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. लग्नघरात, बारशाला, अगदी दहाव्यालासुद्धा, जेवणं उरकून माणसं सतरंजीवर आडवी झाली की कुणीतरी म्हणतंच, "शोभाकाकू, ती म्हशीची सांगा." मी सांगते. दर वेळी म्हैस थोडी वाढते. आमचे हे म्हणतात, अजून दोन-चार लग्नं झाली तर ती म्हैस मांडवात मावायची नाही.

आक्कांची गोष्ट मात्र कुणी सांग म्हणत नाही. त्या जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांचं नाव निघालं की माणसं "फार हुशार बाई हो" म्हणतात आणि विषय पावसाकडे नेतात. मीही गप्प बसते, आणि मी गप्प बसणं हे आमच्याकडे दुखण्याचं लक्षण समजतात. खरं कारण एवढंच की ही गोष्ट वाढवता येत नाही. कमीही करता येत नाही.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. पाथर्डीच्या पलीकडे डोंगराच्या कडेला एका गावात सरकारी शाळेवर बाई होत्या. लग्न केलं नव्हतं. का, हे घरात कुणीच विचारलं नव्हतं, म्हणून नवी सून या नात्याने ते काम मी अंगावर घेतलं होतं. पहिल्याच भेटीत पदर सावरून मी त्यांच्यासमोर बसले, तोंड उघडलं, त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "चहात साखर किती घालू?"

"दीड चमचा. सपाट," त्या म्हणाल्या.

उंच, हाडकुळ्या, चापूनचोपून नेसलेली सुती साडी, मनगटावर वडलांचं पुरुषी घड्याळ. 'जरासं', 'थोडंफार', 'अंदाजानं' हे शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. बाजारातून जरा लवकर या, असं म्हटलं तर दारातच उभ्या राहायच्या. "लवकर म्हणजे किती वाजता?" मी सांगेपर्यंत पाऊल बाहेर पडायचं नाही.

आणि दुसरं म्हणजे, त्या कुणालाही 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणत नसत. पोरानं गणित दाखवलं, मी लोणचं चाखायला दिलं, ह्यांनी उसाची नवी जात लावायची काढली, उत्तर एकच. "चालवून बघू." माझ्या चुलतसासूबाईंनी एकदा त्यांना नातवासाठी आलेल्या मुलीचा फोटो दाखवला. आक्कांनी तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, "चालवून बघू." सासूबाई त्यानंतर दोन दिवाळ्या बोलल्या नाहीत.

स्वयंपाक त्यांना येत नव्हता. एका रविवारी त्या माझ्यासमोर ओट्याशी उभ्या राहिल्या. "शोभा, भाकरी कशी करायची सांग. तू सांगशील तेवढंच करणार. माझं डोकं लावणार नाही."

भाकरी म्हणजे माझा हातखंडा. आमच्या देवळाली प्रवरेत माझ्यासारखी भाकरी कुणाची फुगत नाही, असं मी स्वतःच बऱ्याच जणांना सांगितलेलं आहे. म्हटलं, "पीठ घ्या."

त्यांनी पिठाचा अख्खा डबा उचलून कडेवर घेतला.

"परातीत घ्या हो!" डबा परातीत उपडा.

"आता पाणी घाला."

"किती?"

"अंदाजानं."

"अंदाज माझ्याकडे नाही. तुझ्याकडे असेल तर दे."

मग थापा म्हटलं, तर निजत्या लेकराला थोपटावं तशा त्या गोळ्याला थोपटत बसल्या. वरून पाणी फिरवा म्हटलं, तर तांब्या घेऊन तव्याभोवती दृष्ट काढल्यासारखा फिरवला. आमचे हे हसता हसता पाटावरून घसरले. मी रडकुंडीला आले. आक्का मात्र गंभीर.

"चूक माझी नाही, शोभा. तुझ्या सांगण्यात भोकं आहेत."

भोक हा त्यांचा शब्द. शाळेत तोच चालायचा. काम फसलं की करणाऱ्याला बोल लावायचा नाही, सांगण्यात भोक कुठं आहे ते शोधायचं. हे त्यांनी कोडिंग शिकवायला लागल्यावर काढलं. मला सुरुवातीला वाटलं कोडिंग म्हणजे काहीतरी शिवणाचा प्रकार असेल. मशीनवर करतात असं त्या म्हणाल्या होत्या.

झालं असं होतं, की कुठल्याशा कंपनीकडून शाळांना टॅब मिळाले. नगरला बाईमास्तरांचं प्रशिक्षण झालं, चहा-समोसे झाले, लहान पोरांना कोडिंग शिकवा असं फर्मान आलं. बाकीच्या बहुतेक शाळांनी टॅब कपाटात घालून कुलूप लावलं, कारण फुटले तर भरून कोण देणार? आक्कांनी ते बाहेर काढले. पण वीज असली तर असायची, आणि टॅब पोरांना पुरणारे नव्हते. मग त्यांनी पटांगण घेतलं. दुधात घालायच्या पावडरीच्या डब्यात पांढरी फक्की भरून आणली, जमिनीवर मोठ्या मोठ्या चौकटी आखल्या. त्यांतल्या एका चौकटीत एक पोर उभं करायचं, आणि त्याच्या डोळ्यांवर आक्कांच्या जुन्या निळ्या साडीची पट्टी बांधायची. ते पोर म्हणजे यंत्र. यंत्राला डोळे नसतात, डोकं नसतं, फक्त सांगितलेलं कळतं. बाकीच्यांनी त्याला सांगून सांगून पलीकडच्या घमेल्यापर्यंत न्यायचं.

पोरांनी यंत्राचं नाव ठेवलं 'येडं'.

येड्याला चार शब्द यायचे. पुढं, डावं, उजवं, थांब. पाचवा शब्द आला तर येड्यानं जागचं हलायचं नाही. एका बाजूनं सांगणारी पोरं चार शब्दांत वाट काढायची, आणि दुसऱ्या बाजूची येड्याला फसवायची. "अय, साप!" "तुझी आई आली बघ!" "खिचडी वाढली, पळ!" येडं हललं की बाद. आक्का म्हणायच्या, ह्यातच सगळं आहे. यंत्राला काय कळतं नि काय कळत नाही, हे एकदा पायांना कळलं की पडद्यावर अवघड जात नाही.

ह्या खेळात एक पोर कधीच बाद झाली नव्हती. रुक्मी. चौथीतली, काळीसावळी, दोन वेण्या इतक्या ताणून बांधलेल्या की भुवया कायम वर. आईबाप ऊसतोडीला जाणारे. रुक्मी येडं झाली की सगळी शाळा घसा फोडायची आणि ती पट्टीखाली गालातल्या गालात हसत उभी. एकदा मुंगळा चावला तरी हलली नाही. रक्त आलं होतं म्हणे.

त्यांच्या शाळेवर एकदा तपासणीला साहेब आले. पटांगणात रुक्मी डोळे बांधून उभी. साहेबांनी कौतुकानं जवळ जाऊन म्हटलं, "बाळ, नाव काय तुझं?" रुक्मी गप्प. "बस हां खाली, बस." रुक्मी खांबासारखी. "ऐकू येतं ना हिला?" साहेबांचा आवाज चढला.

आक्का म्हणाल्या, "येतं साहेब. पण तुमचा शब्द तिला शिकवलेला नाही."

ही गोष्ट त्या आमच्याकडे आल्या की मी मुद्दाम काढायला लावायची. आक्का सहसा हसत नसत, पण "शिकवलेला नाही"ला त्यांच्या नाकपुड्या थरथरायच्या.

रुक्मीवर त्यांचा जीव होता आणि त्यामागे एक हिशेबी धडपड होती. दिवाळी झाली की त्यांचं गाव रिकामं व्हायचं. बिऱ्हाडं, शेरडं, कोंबड्या, पोरं, सगळं ट्रॅक्टरमध्ये भरून कारखान्यांकडे. वर्गात बसायला उरायची ती म्हाताऱ्यांपाशी ठेवलेली चार पोरं. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गेलेली परत यायची, ती मागचं विसरून. चौथी-पाचवीनंतर त्यातल्या पोरी यायच्याच नाहीत. हातात कोयता, नाहीतर कडेवर धाकटं. रुक्मीला त्यांना निवासी शाळेच्या परीक्षेला बसवायचं होतं. तिथं नंबर लागला की उसाच्या फडाचं तोंड बघायचं नाही. परीक्षा हंगाम संपायच्या आत होती. तोवर पोरगी हातातून सुटता कामा नये, एवढंच त्यांनी धरलं होतं. रुक्मीला गावात ठेवायला म्हातारं माणूस कुणी नव्हतं. आई म्हणाली, वस्तीला एकटी पोर कशी ठेवू.

त्या वर्षी नेमकी त्यांच्याच गावची टोळी आमच्या भागात आली. आमच्या वस्तीच्या खालच्या अंगाला पडीक रान आहे, तिथं त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडल्या. आक्कांना हे कळलं त्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्या तशाच एसटीत बसल्या आणि दिवेलागणीला आमच्या दारात. खांद्याला पिशवी, पिशवीत पेटीकोटात गुंडाळलेले दोन टॅब आणि फक्कीचा डबा.

"आक्का, दर आठवड्याला एवढा प्रवास झेपणार का तुम्हाला?" मी म्हटलं.

"चालवून बघू."

रविवारी त्या सकाळीच कोप्यांवर जायच्या. मोठी माणसं पहाटेच फडात गेलेली असायची. मागं पोरं, शेरडं आणि चुलीवरचा करपलेला वास. पडीक रानाच्या एका कडेला त्यांनी फक्की मारून शाळेचं पटांगण उभं केलं. जागा निवडून घेतली होती. गाड्या पाण्याच्या पाटाच्या बाजूनं यायच्या, ही कडा मोकळी असायची. मी एकदोनदा चहा घेऊन गेले, तर पोरांनी मलाच येडं केलं. मी पहिल्याच "साप!"ला शेजारच्या कोपीत जाऊन पडले. पुढचे काही दिवस पोरं मला लांबून बघून साप साप ओरडायची.

रुक्मीची आई कांता. अंगानं काटक, बोलायला तिखट. दुपारी फडावरून आली की आक्कांना म्हणायची, "बाई, रविवारची सुट्टी आसती म्हन्त्यात. तुमाला न्हाई का?"

"तुला आहे का?"

"मला कुठली वं."

"मग मला कशाला?"

कांता हसायची. मग टॅबकडे बोट करून, "ह्ये कोडिन शिकून काय व्हतं पन? ऊस तुटतो का?"

"ऊस तोडायला लागत नाही," आक्का म्हणायच्या. जाताना कांता मूठभर हरभरा, बोरं, काहीतरी त्यांच्या पिशवीत टाकायची.

रुक्मीनं टॅबवर एक चित्र चालतं केलं होतं. एक बाई हंडा घेऊन कोपीतून निघायची, चालत चालत नळापर्यंत जायची आणि पडद्याबाहेर नाहीशी व्हायची. मी विचारलं, "अगं, ही परत येतच नाही की."

"यील की. पुढच्या आयतवारी," रुक्मी म्हणाली. "परत यायचं लिवायचं ऱ्हायलंय."

पुढच्या रविवारी आक्कांनी चौकटी आखून पोरांना खेळाला लावलं आणि टॅब न्यायला त्या घरी आल्या. चार्जिंगला आमच्या स्वयंपाकघरात लावलेले असायचे, मिक्सरशेजारी. मी भाकऱ्या थापत होते. खालच्या अंगाला ट्रॅक्टरवरचा टेप वाजत होता. उसाच्या ट्रॅक्टरवर हे भलेमोठे कर्णे असतात, गाणं पार गावठाणात ऐकू येतं. त्याची इतकी सवय झालेली असते की कानांना ते हंगामात ऐकूच येत नाही. पाटाची बाजू आदल्या दिवशीच्या पाण्यानं चिखल झाली होती, म्हणून गाडी त्या दिवशी दुसऱ्या अंगानं आली होती. हे आम्हाला नंतर कळलं.

आक्कांनी टॅब काढले, वायर नीट गुंडाळली. तेवढ्यात पोरांचा ओरडा आला.

"रुक्मेऽ पळ! रुक्मे, ट्रॅक्टर! मागं ट्रॅक्टर, पळऽ!"

आक्का दारात थांबल्या. त्यांनी मान कलती केली, आणि त्या हसल्या. नाकपुड्यांतलं नव्हे, चांगलं तोंडभर हसू. मी तसं त्यांचं हसू आधी पाहिलं नव्हतं.

"ऐक, शोभा. आज ट्रॅक्टर काढलाय. मागल्या वेळी वाघ होता." मग अभिमानानं म्हणाल्या, "नाही हलायची ती."

मीही हसले. भाकरी उलटली.

मग टेप बंद झाला. गाणं अर्ध्यात तुटलं. आणि पोरांचा ओरडा चालूच राहिला, पण तो शब्दांचा राहिला नाही.

आक्कांच्या तोंडावरचं हसू तसंच होतं. ते काढायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. तसंच घेऊन त्या अनवाणी धावल्या.

मी पोचेपर्यंत कुणीतरी पोरीवर पोतं टाकलं होतं. रिकामी ट्रॉली जोडायला ट्रॅक्टर मागं मागं आला होता. चालवणारा पोरसवदा होता, तो चाकापाशी बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होता. पोत्याबाहेर फक्त पावलं दिसत होती. ती फक्कीच्या रेषेच्या आत होती. रेष मोडलेली नव्हती.

रुक्मीची धाकटी बहीण सोनी तिथंच उभी होती, शेंबूड-अश्रू एक झालेले. ती आक्कांचा पदर ओढून सांगत होती, "बाई, मी पन वरडले. आमी समदी लई वरडलो. ती हासली."

पोलीस आले, त्या पोराला घेऊन गेले. लोक म्हणाले, टेप लावून गाड्या चालवतात, मागचं बघत नाहीत. खरंच होतं. मुकादम म्हणाला, पोरं गाड्यांच्या वाटेत खेळू देऊ नये. तेही खरं होतं. आक्कांना कुणी काही बोललं नाही. उलट, बाईंचा किती जीव होता पोरीवर, असं म्हणून बायका त्यांनाच पाणी देत होत्या. आक्का प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होत्या. ह्या बाईला कुणीतरी चार शब्द सुनवावेत आणि मोकळं करावं, असं मला वाटत होतं. पण तो खेळ टोळीच्या मोठ्या माणसांतल्या कुणाला ठाऊकच नव्हता. पोरांना ठाऊक होता, पण पोरांना विचारतं कोण.

आक्का रजा टाकून आमच्याकडेच राहिल्या. जेवायला बसायच्या, ताट समोर घेऊन. एकदा मी म्हटलं, "आक्का, थोडं तरी खा." 'थोडं म्हणजे किती' असं त्या विचारतील म्हणून मी वाट बघितली. त्यांनी विचारलं नाही.

दहावा उरकून कांता आणि तिचा नवरा परत फडात गेले. त्या सकाळी आक्कांनी चपला घातल्या. "मी कांताला सांगून येते."

"काय सांगणार आक्का? झालं ते झालं. तिला काही माहीत नाही, कशाला—"

"माहीत नाही म्हणूनच."

मला रिकाम्या हातानं कुठं जाता येत नाही. चहाचा कॅन भरून घेतला आणि त्यांच्या मागं निघाले. कांता तुटलेल्या उसाच्या मोळ्या बांधत होती. आम्हाला बघून तिनं कपाळावरचं फडकं खाली ओढलं, हात थांबवले नाहीत.

"कांता, मी सांगते ते पूर्ण ऐक. मग बोल," आक्का म्हणाल्या. आणि त्यांनी सांगितलं, जसं त्या सगळं सांगायच्या तसं, एकही पायरी न गाळता. चार शब्द. पाचव्याला हलायचं नाही. पोरं मुद्दाम खोटं ओरडतात. रुक्मी कधी फसली नव्हती. त्या दिवशी पोरं खरं ओरडत होती, आणि तिला ते खोटं वाटलं. "मी पण घरात ऐकलं. मलाही खोटंच वाटलं. गाडीवाल्याची चूक आहेच. पण माझ्या सांगण्यात भोक होतं, कांता. खेळ कधी सोडून द्यायचा, ते मी कधी सांगितलंच नव्हतं."

कांतानं मोळीला पीळ दिला. दुसरी घेतली. तिलाही दिला.

"म्हंजी तिला आयकू गेलं हुतं?"

"हो."

"आन तरी बी हासत हुती?"

"सोनी म्हणते, हसत होती."

"मंग भ्याली न्हाई."

कांतानं पहिल्यांदा वर पाहिलं. "मी इचारती तुमाला. भ्याली न्हाई ना?"

"नाही."

कांता उसाच्या ढिगावर बसली. "मला रातभर वाटतंय, तिनं 'आई' म्हून हाक मारली आसंल. मी हितं, ह्या आवाजात. मला आयकू आली न्हाई आसंल." मग उठली, फडकं घट्ट केलं. "जावा बाई तुमी. मोळ्या पडल्यात."

रागानं म्हणाली की मायेनं, हे मी आजही सांगू शकत नाही, आणि असल्या गोष्टी मी सहसा ठोकून सांगते. चहाचा कॅन मी भरलेलाच परत आणला.

आक्का शाळेवर गेल्या. पुढं आमच्याकडे येणं कमी झालं. कळायचं ते फोनवर. टॅब आता त्यांच्याही शाळेत कपाटात होते. फक्की फक्त झेंडावंदनाला निघायची. माझ्या पोराचं लग्न ठरत होतं, तेव्हा मी मुद्दाम फोटो पाठवला आणि विचारलं, काय म्हणता? मला तेवढं एक वाक्य ऐकायचं होतं. त्या म्हणाल्या, "मला नको विचारू, शोभा."

पुढच्या दिवाळीनंतर एकदा फोन आला. सोनी त्यांच्याकडे राहायला आली होती. गाड्या निघायच्या आदल्या दिवशी कांता पोरीचं गाठोडं घेऊन शाळेच्या पायरीवर येऊन बसली होती.

"हिला ठिवून घ्या. फडावर न्हाई न्यायची मला आता."

"माझ्याकडे?" आक्कांनी विचारलं होतं. "माझ्याकडे ठेवतेस?"

"मंग कुनाकडं? दुसरं कोन हाय?" कांता म्हणाली होती. "आन त्ये कोडिन बी शिकवा तिला. कपाटात ठिवलंय म्हून रडती. पन येड्याच्या जागंवर माझी पोर हुबी करायची न्हाई. सांगून ठिवती."

"कुणाचीच नाही करणार," आक्का म्हणाल्या होत्या.

एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, खेळ बंद तो बंदच. आता पडद्यावरच शिकवतील.

संक्रांतीनंतर आम्ही दोघं तीळगूळ आणि गुळाची ढेप घेऊन त्यांच्याकडे गेलो. ह्यांनी गाडी शाळेच्या फाटकाबाहेर लावली. गाव सुनं होतं. कुलपं लावलेली दारं, ओट्यावर ऊन खाणारे म्हातारे. शाळेच्या पटांगणात मात्र कालवा होता. पांढऱ्या चौकटी आखलेल्या होत्या. थोडीशीच पोरं होती, पण आवाज गावभर. आणि मधल्या चौकटीत आक्का उभ्या होत्या. डोळ्यांवर निळी पट्टी, हात दोन्ही बाजूंना सरळ.

"पुढं!" पोरं ओरडली. आक्का एक चौकट पुढं. "उजवं!" आक्का वळल्या. पाय ठेवताना चाचपत होत्या. गुडघे तेव्हा दुखायचे त्यांचे. "पुढं!" एका चिमुरड्यानं मोठ्यानं सांगितलं, "बाई, साप!" आक्का हलल्या नाहीत. "बाई, सायब आले!" आक्का ढिम्म.

मग सोनी ओरडली, "बाई, पळा!"

आणि आक्का पळाल्या. निऱ्या दोन्ही मुठींत धरून, डोळे बांधलेले, समोर काय आहे ते न बघता. चौकटींच्या बाहेर, घमेलं लाथाडून, तोल जात, सावरत. पोरं हसत-किंचाळत त्यांच्या बरोबरीनं दोन्ही बाजूंनी धावत होती, झेंड्याच्या खांबाला आपटू नयेत म्हणून. आमच्या ह्यांनी गुळाची ढेप खाली ठेवली आणि तोंड फिरवलं.

शाळेच्या ओट्यावर बसलेल्या दुसऱ्या बाई मला म्हणाल्या, "पाचवा शब्द घातलाय त्यांनी खेळात. तो ऐकला की येड्यानं पळायचंच. खरं असो, खोटं असो. पोरं काय, दिवसभर खोटंच ओरडतात. दमवून टाकतात त्यांना. मी म्हटलं, अहो, नका सारखं पळू, त्यांना गंमत वाटते. तर म्हणाल्या, ओरडू देत."

आक्का पार कुंपणाच्या भिंतीपर्यंत गेल्या होत्या. भिंत हाताला लागली तेव्हा थांबल्या. दोन्ही तळवे भिंतीला टेकवून, छाती भात्यासारखी हलत होती. पट्टी त्यांनी काढली नाही.

"आले का मी बाहेर?" त्यांनी विचारलं.

सोनी धापा टाकत त्यांच्या मागं येऊन उभी राहिली. तिनं वळून चौकटींकडे पाहिलं, मग त्यांच्या साडीचा खालून सुटलेला काठ हातात धरला.

"आल्या बाई. लई लांब आल्या. थांबा आता."